काढणीनंतरही मेथी श्वास घेते
एप्रिल-मे : पालेभाजी उत्पादकांसाठी सल्ला

पुण्यात स्वारगेटशेजारी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पालेभाजीचा भाव शेकडा जुड्यांवर निघतो. खरेदीदार एखादी जुडी मधूनच उचलून उलगडतो. आतली पाने पिवळी पडलेली किंवा वास आंबूस आलेला असेल, तर सगळ्या गाडीचा भाव पडतो. संध्याकाळी शेतातून निघालेला माल हिरवागार होता. मग एका रात्रीत बिघडले काय? उन्हाचा वाटा आहेच, पण उरलेले नुकसान भाजीच्या स्वतःच्या श्वसनातून होते आणि ते बरेचसे आपल्या हातात असते.

हिरवे पान उजेडात हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेले पाणी यांपासून साखर तयार करते आणि ऑक्सिजन बाहेर सोडते. उन्हाची ऊर्जा या साखरेत साठते. श्वसनात उलटे घडते. ऑक्सिजन वापरून साखर मोडली जाते आणि पेशींना कामापुरती ऊर्जा मिळते. उरलेली उष्णता होऊन बाहेर पडते. साखर बनते ती दिवसा, खर्च मात्र चोवीस तास. आपण आणि आपली जनावरेही त्याच साखरेवर जगतो.

मेथी उपटली की कमाई जवळपास थांबते आणि खर्च चालूच राहतो. पुढे ती पानातल्या शिदोरीवर जगते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. कांदा-बटाट्याचे श्वसन संथ, म्हणून ते महिनोन्‌महिने टिकतात. मेथी, कोथिंबीर, पालक, हिरवा वाटाणा यांचे मात्र झपाट्याने चालते.

शेतात

भर दुपारी पाणी वाचवण्यासाठी पाने आपली सूक्ष्म छिद्रे मिटून घेतात. कार्बन डायऑक्साइड आत जात नाही, साखर कमी बनते. उष्ण हवेत श्वसन मात्र वाढते. म्हणून उन्हाळी कोथिंबिरीवर ३५ ते ५० टक्के सावलीची शेडनेट उपयोगी पडते. पाणी हलके आणि वरचेवर द्या, सकाळी किंवा संध्याकाळी. मुळांनाही श्वसनासाठी हवा लागते. वाफे तुडुंब भरून ठेवले तर मुळे गुदमरतात आणि पाणी असूनही रोप कोमेजते. जमीन वाफशावर राहील एवढेच पाणी पुरे. काढणीच्या तोंडावर युरिया टाकू नका. पाला लुसलुशीत दिसतो, पण लवकर सडतो.

काढणी

दुपारी १२ ते ४ काढणी टाळा. रात्रीची गाडी असेल तर ऊन उतरल्यावर काढा. दिवसभराची साखर तेव्हा पानात असते. पहाटेचे पान पाण्याने टवटवीत असले तरी रात्रीच्या श्वसनात त्यातली साखर खर्च झालेली असते. काढणीच्या आदल्या दिवशी हलके पाणी द्या, म्हणजे संध्याकाळी काढलेला पालाही लगेच मान टाकणार नाही.

जुडी आणि भराई

काढलेला माल बांधावर ढिगाने ठेवू नका. झाडाखाली किंवा शेडमध्ये पातळ पसरा. मुळांची माती स्वच्छ, गार पाण्याने धुवा, पाणी निथळू द्या आणि मगच बांधा. जुडी सैल असावी. दाबून भरलेल्या गोणीत दोन तासांनी हात घाला: मध्यभाग कोमट लागतो, पाने ओलसर चिकट होतात. ही उष्णता श्वसनाचीच. ती बाहेर पडली नाही की श्वसन आणखी वाढते. पुढे ऑक्सिजन कमी पडला की पेशी हवेविना साखर मोडू लागतात, अल्कोहोल तयार होते आणि आंबूस वास येतो. छिद्रांचे क्रेट सर्वांत चांगले. गोणपाटच असेल तर ते ओले करून वरून झाका आणि थरांमध्ये हवेला वाट ठेवा. प्लॅस्टिकचा कागद गच्च गुंडाळू नका.

गाडीत

मे महिन्यात त्याच टेम्पोत आंबा किंवा पिकलेली केळी भरण्याचा मोह होतो. पिकणारी फळे इथिलीन वायू सोडतात आणि त्याने पालेभाजी लवकर पिवळी पडते. दोन्ही माल वेगळे न्या.

थोडा वेळ साठवायचे असेल तर

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष गावातही बांधता येतो. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, त्यात वाळू. ही वाळू सकाळ-संध्याकाळ पाणी घालून ओली ठेवायची आणि वर गवताचे झाकण टाकायचे. विजेची गरज नाही. पाण्याचे बाष्प होताना गारवा तयार होतो. कोरड्या उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा १० अंशांहूनही अधिक खाली राहू शकते. पावसाळ्यात, हवा दमट असताना, हा उपाय फारसा चालत नाही.

यातले एकच काम या आठवड्यात सुरू करायचे असेल तर माल सावलीत पसरून, थंड करून मगच भरा. त्याला खर्च नाही, फक्त काढणी आणि गाडी यांच्यामध्ये तासाभराची सवड ठेवावी लागते.