संयमी मुत्सद्दी : हाविएर पेरेस द क्वेयार

संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासचिवांपाशी स्वतःचे सैन्य नसते आणि युद्ध थांबविण्याचा हुकूम सोडण्याचा अधिकारही नसतो. तरीही या पदावरून किती साधता येते आणि मर्यादा कोठे पडतात, हे पेरूचे मुत्सद्दी हाविएर पेरेस द क्वेयार यांच्या कारकिर्दीवरून स्पष्ट होते.

त्यांचा जन्म १९ जानेवारी १९२० रोजी लिमा येथे झाला. १९४० मध्ये ते पेरूच्या परराष्ट्र मंत्रालयात दाखल झाले. १९४६ साली लंडन येथे भरलेल्या राष्ट्रसंघाच्या पहिल्या आमसभेस ते पेरूच्या शिष्टमंडळातून उपस्थित होते. पुढे स्वित्झर्लंड, सोव्हिएत संघ आदी देशांत त्यांनी राजदूतपद भूषविले. सायप्रसमध्ये महासचिवांचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी १९७५ ते १९७७ या काळात काम केले. १ जानेवारी १९८२ रोजी ते महासचिव झाले. लॅटिन अमेरिकेला हा मान प्रथमच लाभला.

लगेचच कसोटी आली. फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात युद्ध पेटले. मे १९८२ मध्ये पेरेस द क्वेयार यांनी उभय पक्षांशी स्वतंत्रपणे वाटाघाटी केल्या. परंतु त्या फिसकटल्या आणि ब्रिटिश फौजा बेटांवर उतरल्या.

इराण-इराक युद्ध १९८० पासून चालू होते. सुरक्षा परिषदेचे पाच स्थायी सदस्य एका सुरात बोलल्याखेरीज ते थांबणार नाही, हे ओळखून त्यांनी १९८७ च्या आरंभी त्या पाचांनाच एकत्र येण्याचे आवाहन केले. २० जुलै १९८७ रोजी ठराव क्रमांक ५९८ एकमताने संमत झाला. इराणने तो स्वीकारण्यास एक वर्ष लागले. त्यानंतरही दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांशी वेगवेगळी बोलणी करून त्यांनी अडथळे दूर केले. अखेर २० ऑगस्ट १९८८ रोजी युद्धविराम अमलात आला.

नामिबिया १९९० मध्ये स्वतंत्र झाला, तो राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली झालेल्या निवडणुकीनंतरच. ३१ डिसेंबर १९९१ रोजी, पदावरील अखेरच्या रात्री, एल साल्वादोरच्या यादवीतील दोन्ही पक्षांत त्यांच्या कार्यालयात समझोता झाला. भारताने १९८७ सालचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला होता.

१९९५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते पराभूत झाले. मात्र २००० साली फुजिमोरी राजवट कोसळल्यावर, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी देशाचे पंतप्रधानपद सांभाळले. ४ मार्च २०२० रोजी, शंभरी पूर्ण केल्यावर, त्यांचे निधन झाले.

फॉकलंडमध्ये आणि आखातात त्यांची पद्धत एकच होती. फरक पडला तो लढणाऱ्यांच्या तयारीमुळे आणि बड्या राष्ट्रांच्या एकमतामुळे. मध्यस्थ शांतता लादू शकत नाही. अनुकूल घडी येईपर्यंत बोलण्याचा धागा तुटू न देणे, एवढेच त्याच्या हाती असते. ते काम त्यांनी निष्ठेने केले.