मॉनिटर बार्सवर लावावा, चित्रावर नव्हे

सेटवरचा मॉनिटर चित्र छान दाखवण्यासाठी नसतो, चित्र जसं आहे तसं दाखवण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर एक्स्पोजर, मेकअप, लायटिंग सगळं ठरतं.

काय करावे

- मॉनिटर अर्धा तास आधी सुरू करावा. पडदा तापेपर्यंत उजेड आणि रंग थोडे सरकत राहतात.

- आउटडोअरला हूड लावावा. एडिट रूममध्ये पडद्याच्या मागे 6500 केल्विनचा मंद दिवा पुरतो.

- मेनूत रेक. 709, व्हाइट डी65, गॅमा 2.4. साध्या एसडीआर कामाला पडद्याचा उजेड साधारण 100 निट्स.

- एसएमपीटीई कलर बार्स कॅमेऱ्यातूनच पाठवावेत, रोजच्याच केबलने. मॉनिटरमधले बार्स फक्त मॉनिटर तपासतात. केबल आणि मधला कन्व्हर्टर तसेच राहून जातात.

- आधी ब्राइटनेस. बार्समध्ये खाली उजवीकडे, लाल पट्ट्याखालच्या काळ्या भागात तीन बारीक काड्या असतात. डावीकडची काळ्याहून गडद, मधली काळी, उजवीकडची किंचित उजळ. उजवीकडची जेमतेम दिसावी, बाकी दोन काळ्यात मिसळून जाव्यात.

- मग ‘ब्लू ओन्ली’ दाबावं. सात पट्ट्यांपैकी चारच उजळ उरतात, त्यांच्या अधलेमधले तीन काळे पडतात. प्रत्येक उजळ पट्ट्याखाली एक छोटा चौकोन असतो. दोन्ही टोकांचे पट्टे आपापल्या चौकोनाशी एकजीव होईपर्यंत क्रोमा फिरवावा. आतले दोन पट्टे फेजने जुळतात. मधली रेघ पुसल्यासारखी नाहीशी झाली की हात काढावा. एसडीआयवर फेज बहुधा मध्यावरच बरोबर असतो. तिथे तो फिरवावासा वाटला, तर आधी मेनू आणि कन्व्हर्टर तपासावेत.

काय टाळावे

- चेहरा बघून क्रोमा लावणं. एका लग्नात हळदीच्या वेळी आमच्या मॉनिटरचा क्रोमा आधीच्या कुणीतरी चढवून ठेवला होता. नवरीच्या गालावरची हळद भडक दिसली, म्हणून मी बार्स न लावता कॅमेऱ्यातच सॅच्युरेशन उतरवलं. एडिटला फुटेज उघडलं तर हळद मळकट आणि चेहरे आजाऱ्यासारखे. ग्रेडिंगमध्ये रंग ओढून आणावे लागले आणि सावल्यांत नॉइज उठला. बार्स लावायला तीन मिनिटं लागली असती.

- लॉग चित्र फिकं दिसतं म्हणून मॉनिटरचा रंग वाढवणं. लॉग फिकंच दिसतं. त्यावर 709चं लट लावावं. मात्र ते कॅमेऱ्यातून येत असेल तर मॉनिटरमध्ये पुन्हा लावू नये.

- फुल आणि लिमिटेड रेंजची गल्लत. आठ बिटच्या व्हिडिओत काळा 16 वर आणि पांढरा 235 वर असतो. मॉनिटर 0 ते 255 धरून बसला तर काळा राखाडी दिसतो. तो ब्राइटनेसने खाली दाबू नये, मेनूतली रेंज बदलावी.

- व्हिव्हिड, डायनॅमिक, ऑटो ब्राइटनेस. ही सगळी बंद.

- शेजारच्या मॉनिटरकडे बघून नजरेने रंग जुळवणं. दोन्ही बार्सवर लावावेत. तरीही फरक राहिला तर पॅनेल वेगळे आहेत. प्रोब लावून कॅलिब्रेट करून घ्यावेत.

- लावून झाल्यावर मेनू उघडा सोडणं. तो लॉक करावा. लॉक नसेल तर बटणांवर कॅमेरा टेप चिकटवून त्यावर तारीख लिहावी.