गप्प मुलाचे चित्र

टिटवाळ्याच्या आसपासच्या वाड्या-पाड्यांवरील ठाकर व कातकरी मुले पहिलीच्या वर्गात येतात, तेव्हा त्यांची घरची बोली आणि पुस्तकातील भाषा यांत बरेच अंतर असते. प्रश्न विचारला असता मूल खाली पाहते, आणि ‘मंद आहे’ असा शेरा फार लवकर पडतो. वस्तुतः काळू नदीचे पाणी पावसाळ्यात कोठवर चढते, राब कसा भाजतात, हे त्या मुलाने स्वतः पाहिलेले असते. ते सांगावयास त्याला शब्दांखेरीज दुसरी वाट हवी असते. चित्र ही तशी वाट होय.

येथे चित्रकलेचा नेहमीचा तास अभिप्रेत नाही. त्या तासाला फळ्यावर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी आणि नारळ काढून दिला जातो, व सारा वर्ग तो उतरवितो. खिडकीबाहेर आंबा उभा असतो; वहीत मात्र नारळ! अशा नकलेने हाताला थोडे वळण लागेल, डोळ्यांना मात्र नाही.

‘भाताची लावणी’ हा विषय घ्यावा. शिक्षकाने काहीही न सांगता मुलांस पाटीवर लावणी काढू द्यावी. कोणी खाचर वरून पाहिल्यासारखे काढील आणि माणसे बाजूने पाहिल्यासारखी. ते सुधारू नये. मुलाजवळ बसून ‘येथे काय चालले आहे?’ एवढेच विचारावे. मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहावे आणि त्याच्याकडून बोट ठेवून वाचवून घ्यावे. हाच त्याचा वाचनाचा पहिला पाठ होतो. प्रमाण भाषेतील शब्द त्याच्या शेजारी पुढच्या आठवड्यात ठेवता येतो. त्यासाठी त्याचा शब्द खोडावा लागत नाही.

वरच्या वर्गांत चित्राचा उपयोग निराळा. ‘पान’ शिकविण्यापूर्वी मुलांस आठवून पान काढावयास सांगावे. बहुतेकांचे पान एकाच घाटाचे, मध्ये रेघ व दोन्ही बाजूंस तिरप्या शिरा असे येते. मग भाताचे व जास्वंदीचे पान हाती देऊन पुन्हा काढवावे. भाताच्या पानातील शिरा एकमेकींना न भेटता टोकापर्यंत जातात, जास्वंदीच्या शिरांचे जाळे होते, हे मुलेच सांगतील. समांतर व जाळीदार शिराविन्यास हे शब्द त्यानंतर द्यावेत.

शाळेपासून स्टेशनापर्यंतच्या नकाशात महागणपतीचे देऊळ स्टेशनाहून मोठे निघते. मुलाच्या मनातील महत्त्वाचे माप म्हणून ते योग्यच. मग वर्गाला पावले मोजत न्यावे, शंभर पावलांस एक सेंटिमीटर धरावा व दुसरा नकाशा करवावा. प्रमाणाचा धडा त्यात येऊन जातो.

२०१४ पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्याविषयी सांगतात की, आई गेल्यावर ते लहानपणी काही वर्षे बोलतच नव्हते. धुळीत चित्रे काढून मनातले सांगत. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक गप्प मूल चित्रकार होणार नाही. तशी अपेक्षाही नको. आजकाल भिंतींवर वारली आकृत्यांच्या ठरीव पट्ट्या काढवून घेतात, तो प्रकारही दोन डोंगरांचाच भाऊबंद म्हणावा लागेल.

साहित्याची अडचण फारशी नाही. १९४५ मध्ये बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा पाने, बिया, खडे अशा गावातच मिळणाऱ्या वस्तूंवर भिस्त ठेवली. पाटी, अंगण, कोळसा, गेरू, कागदाची कोरी पाठ एवढे पुरते. ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणणाऱ्या शिक्षकाचेही काही अडत नाही. फळ्यावर त्याने काढावयाचे नाहीच.

या चित्रांना सुबकतेचे गुण देऊ नयेत. मागे मुलाचे नाव व तारीख लिहून महिन्यास एक चित्र जपून ठेवावे. दिवाळीनंतर जून व नोव्हेंबरची चित्रे शेजारी ठेवून पाहावीत, आणि पालक शाळेत येतील तेव्हा शेऱ्यांच्या वहीआधी तीच त्यांच्या हाती द्यावीत.