मारव्याचा वादी आणि शास्त्राचा पेपर

चि. मधुरा हिस,


विशारदच्या शास्त्राच्या पेपराला बसणारी पुष्कळ मुलं व्याख्या घोकून जातात. वादी, संवादी, न्यास, अल्पत्व, तिरोभाव. मार्क पडतात; पण रियाजाला बसल्यावर यातल्या एकाही शब्दाची आठवण होत नाही. तुझं तसं होऊ नये, म्हणून हे पत्र. व्याख्येआधी राग घ्यावा, तोही जोडीनं.

भूप आणि देशकार. दोन्हींत सा रे ग प ध एवढेच स्वर. भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत. भूप गाणारा फिरून फिरून गंधारावर विसावतो. देशकार गाणारा धैवत-पंचम धरून वर, तार षड्जाकडे वावरतो. देशकारात गंधारावर जरा मुक्काम वाढला की जाणकार म्हणतो, भूप दिसायला लागला. वादी, न्यास, पूर्वांग, उत्तरांग या चारही शब्दांचं काम इथे कानाला कळतं.

अल्पत्वासाठी बिहाग पुरेसा आहे. आरोहात रिषभ-धैवत ओलांडून जायचं: सा ग, म प, नि सां. हे लंघन. अवरोहात तेच स्वर लागतात, पण त्यांच्यावर थांबायचं नाही. 'नि ध प' म्हणताना धैवत नुसता स्पर्शून सुटतो. हा अनभ्यास. अल्पत्वाचे दोन्ही प्रकार एकाच रागात, त्याच दोन स्वरांवर!

खरी अडचण मारव्याला येते. वादी-संवादीत षड्ज-पंचम किंवा षड्ज-मध्यम भाव हवा, असा नियम. मारव्याचा वादी कोमल रिषभ, संवादी शुद्ध धैवत. कोमल रिषभाचा पंचम मोजला तर तो कोमल धैवतावर येतो, आणि मारव्यात तो स्वरच नाही. पूरियाचे गंधार-निषाद मात्र नियमात चोख बसतात, स्वर तेच असूनही. इथे विद्यार्थी स्वतःला मंद समजतो. तसं मुळीच नाही. अंश (म्हणजे वादी), न्यास, अल्पत्व या संज्ञा नाट्यशास्त्रातल्या जातिगायनापासून चालत आल्या. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानं त्या 'संगीतरत्नाकरा'त मांडल्या. भातखंड्यांनी (1860–1936) रागांची घडी बसवली ती त्यांच्या काळच्या गवयांचं गाणं ऐकून. जुनी संज्ञा आणि चालतं गाणं यांचा सांधा काही ठिकाणी उघडा राहतोच. मारव्यात रिषभ-धैवताचं वजन कानाला पटतं ना? मग वादी-संवादी तेच लिहावेत, आणि नियम बसत नाही हेही एका ओळीत नोंदवावं.

भातखंड्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' मूळ मराठीतच आहे, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. तिथला शिष्य शंका विचारायला लाजत नाही. पेपरात प्रत्येक व्याख्येखाली रागातला एखादा स्वरसमूह लिहायची सवय ठेव. तो आधी तानपुऱ्यावर गाऊन बघ. आधी मारवा आणि पूरिया वेगळे ऐकू येऊ देत.

तुझी,
मावशी