तीनदा वाचलं, तरी लक्षात का राहत नाही?

प्रश्न : मी रेवदंड्याहून रोज एसटीने अलिबागच्या कॉलेजात जाते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळी पुस्तकं इंग्रजीत. प्रत्येक प्रकरण तीनदा वाचते, महत्त्वाच्या ओळी हायलायटरने रंगवते. वाचताना सगळं कळतं, पण आठवड्याने चाचणीला बसले की पाटी कोरी. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?

उत्तर : तसं वाटत नाही. तुमचं कोडं असं आहे, की कळलेलं जातं कुठे? एसटीत रोज दिसणारा चेहरा आपल्याला ओळखीचा वाटतो, पण त्या माणसाचं नाव विचारलं तर सांगता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनातही हेच घडतं. मजकूर ओळखीचा झालेला असतो आणि ती ओळख आपण ज्ञान समजतो. परीक्षेत मात्र पुस्तक समोर नसतं. तिथे ओळखून भागत नाही, आठवावं लागतं, आणि आठवण्याचा सराव तर आपण केलेलाच नसतो.

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे विद्यार्थ्यांवर तपासून पाहिलं. एका गटाने चार सत्रं एकच उतारा वाचला. दुसऱ्याने एक सत्र वाचून, पुढची तीन सत्रं उतारा न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि आपल्याला चांगलं आठवेल याची जास्त खात्री होती ती वाचणाऱ्यांनाच!

हायलायटरचंही तेच. रंग लावायला वाक्याचा अर्थ लागावाच लागतो असं नाही, त्यामुळे हात कामात राहतो आणि डोकं मोकळं.

मग करायचं काय? आधी प्रकरणाची शीर्षकं, आकृत्या आणि शेवटचे प्रश्न नजरेखालून घाला, म्हणजे काय शोधायचं ते कळेल. मग एकेक भाग वाचा, पुस्तक मिटा आणि ‘का?’ विचारा. तुमच्याच अलिबागचं उदाहरण घेऊ. इथली चुंबकीय वेधशाळा १९०४ साली सुरू झाली, एवढी ओळ पाठ केली तर ती टिकणार नाही. ‘मुंबईत कुलाब्याची वेधशाळा असताना अलिबागला नवी का?’ असं विचारलं की साखळी जुळते : मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या (१९०७ साली त्या आल्याही), त्यांच्या विद्युतप्रवाहाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून खाडीपलीकडची निवांत जागा निवडली. इमारतीला चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड का वापरला, हेही मग वेगळं पाठ करावं लागत नाही. कारण सापडलं की सालही त्याला धरून राहतं.

इंग्रजीची अडचण खरी आहे आणि तिच्यात कमीपणा काही नाही. मात्र दर शब्दाला शब्दकोश उघडू नका, त्याने वाक्याचा धागा तुटतो. परिच्छेद पुरा वाचा, पुन्हा पुन्हा येणारे शब्द तेवढे पाहा. विषय अगदीच नवा असेल तर आधी मराठी विश्वकोशातली नोंद वाचा. तो इंटरनेटवर मोफत आहे. पुस्तक मिटल्यावर आधी मराठीत आठवा, समजलं की नाही ते तिथेच कळतं. मग तेच इंग्रजीत लिहा, कारण उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची आहे. हे काम दुप्पट वाटेल, पण तिसऱ्या वाचनाच्या वेळात ते सहज भागतं.

एकाच रात्री सगळं उरकू नका. आज वाचलेलं उद्या, मग तीन-चार दिवसांनी आठवून पाहा. हलत्या एसटीत वाचण्यापेक्षा हे काम तिथे छान होतं : पुस्तक पिशवीतच ठेवून शेजारच्या मैत्रिणीला कालचा भाग सांगायचा. जिथे अडखळाल तेवढंच घरी आल्यावर पुन्हा वाचा.