हिमावरचा पक्षी, वाळवंटाकाठचा पक्षी



मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आले. काचेपलीकडचे ते डुलत चालणारे पक्षी पाहून आपल्यापैकी अनेक कुटुंबे आली असतील. परतीच्या वाटेवर मुले हमखास विचारतात, "हे बर्फातले पक्षी इथे कसे राहतात?" प्रश्न चांगला आहे, पण त्यातील गृहीत चुकीचे आहे. राणीच्या बागेतील पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत आणि त्यांच्या मूळ प्रदेशात बर्फ नसतो. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर, जिथे कोरडे वाळवंट थेट समुद्राला भिडते, तिथले ते रहिवासी.

पेंग्विनच्या सुमारे १८ जाती आहेत. कोणी अंटार्क्टिकाच्या हिमावर राहतो, तर कोणी विषुववृत्तावरील गॅलापागोस बेटांवर. एकाच कुळातील पक्षी इतक्या भिन्न ठिकाणी कसे नांदतात, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

पाण्यात उडणारे पंख

सूरह अल-मुल्कमध्ये आकाशात पंख पसरणाऱ्या पक्ष्यांकडे लक्ष वेधले आहे. मग जो पक्षी आकाशात उडतच नाही, त्याच्या पंखांकडेही पाहू या.

पेंग्विनचे पंख आखूड, चपटे आणि ताठ असतात. हवेत ते निरुपयोगी, पण पाण्यात वल्ह्यासारखे चालतात. उडणाऱ्या पक्ष्यांची बरीच हाडे पोकळ असतात. पेंग्विनची भरीव असतात, म्हणून बुडी मारणे त्याला सोपे जाते. पाठ काळी आणि पोट पांढरे. वरून पाहणाऱ्याला तो खोल पाण्याच्या अंधारात मिसळलेला दिसतो आणि खालून पाहणाऱ्याला वरच्या उजेडात. डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथी रक्तातील जादा मीठ बाहेर टाकतात. त्यामुळे समुद्राचे खारे पाणी पोटात गेले तरी त्याला अपाय होत नाही. ज्याला आपण उणीव समजत होतो, ते वस्तुतः दुसऱ्या ठिकाणासाठी घडवलेले सामर्थ्य आहे.

हिमावरचा पिता

सर्वांत मोठा पेंग्विन म्हणजे एम्परर. उंची एक मीटरहून अधिक, वजन ४० किलोपर्यंत. अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात, गोठलेल्या समुद्रावर त्याची वीण होते. मादी एकच अंडे घालते, ते नराच्या स्वाधीन करते आणि अन्नासाठी समुद्राकडे जाते. नर ते अंडे पायांवर घेतो, पोटाच्या उबदार घडीने झाकतो आणि सुमारे ६५ दिवस सांभाळतो. बाहेर तापमान शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरते. जोडी जमण्याच्या दिवसांपासून मोजले तर जवळजवळ चार महिने तो काहीही खात नाही आणि वजनाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग गमावतो.

तो तग कसा धरतो? दाट, एकावर एक बसणारी पिसे वारा आणि पाणी अडवतात. त्यांच्या मुळाशी मऊ पिसांत हवेचा थर अडकून राहतो. त्वचेखाली चरबी असते. पायांकडे जाणाऱ्या उष्ण रक्ताच्या वाहिन्या आणि तिकडून परतणाऱ्या थंड रक्ताच्या वाहिन्या एकमेकींना लागून असतात. परतणारे रक्त वाटेतच ऊब घेते आणि शरीराची उष्णता बर्फात वाया जात नाही.

परंतु एकट्याचे शरीर पुरेसे नाही. हजारो नर एकमेकांना खेटून उभे राहतात. हा समूह सतत हळूहळू सरकत असतो. कडेचे आत येतात, आतले कडेला जातात. त्यामुळे सारा वारा सतत एकाच्याच पाठीवर येत नाही. नमाजच्या सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहणाऱ्या आपणास या दृश्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

वाळवंटाकाठचा भाऊबंद

हम्बोल्ट पेंग्विनची अडचण नेमकी उलटी. त्याचा समुद्र थंड आहे, कारण दक्षिणेकडून येणारा हम्बोल्ट प्रवाह तेथून वाहतो. पण किनाऱ्यावर ऊन तापते. म्हणून त्याचे शरीर लहान आहे, वजन चार-पाच किलो. चोचीच्या मुळाशी पिसे नसलेली गुलाबी त्वचा असते. तिच्यातून उष्णता बाहेर पडते. उकडू लागले की तो पंख पसरतो आणि धापा टाकतो. अंडी उन्हापासून वाचवण्यासाठी तो बीळ खणतो. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतके साचलेले थर, म्हणजे ग्वानो, ही बिळांसाठी त्याची आवडती जागा.

तोल आणि अमानत

आता पाठाच्या गाभ्याकडे वळू. जो जीव एखाद्या ठिकाणाच्या मापाने घडला आहे, त्याचे ठिकाण बिघडले की तेच माप त्याला अपुरे पडते.

एकोणिसाव्या शतकात माणसाने शेतीच्या खतासाठी पेरूच्या बेटांवरील ग्वानो खरवडून जहाजांनी दूरदेशी नेला. कोणी पेंग्विन मारण्यास निघाले नव्हते. पण त्यांची बिळांची जमीनच गेली.

एम्पररची पिल्ले मऊ, राखाडी पिसांनी झाकलेली असतात. ती पिसे थंडी अडवतात, पाणी नाही. जलरोधक पिसे येईपर्यंत पायाखालचे बर्फ टिकणे आवश्यक असते. २०२२ साली अंटार्क्टिकाच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रातील बर्फ वेळेआधीच फुटले. तेथील पाचपैकी चार वसाहतींत एकही पिल्लू वाचले नसावे, असा निष्कर्ष संशोधकांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून काढला. पित्याच्या संयमात उणीव नव्हती. जमीन म्हणून ज्यावर भिस्त ठेवली, तेच वितळले.

सूरह अर्-रहमानमध्ये तोलासाठी 'मीझान' हा शब्द आला आहे. पेंग्विनच्या पिसांत, रक्तवाहिन्यांत आणि बिळांत आपण तो तोलच पाहिला. पृथ्वी आपल्याकडे अमानत आहे, हे आपण मिंबरवरून ऐकतो. अमानत म्हणजे केवळ जीव न मारणे नव्हे. त्याचे ठिकाण त्याच्यासाठी शाबूत ठेवणे हेही त्यात आले. वुजूच्या वेळी नळ बारीक ठेवणारा आणि रिकाम्या खोलीतील दिवा मालवणारा माणूस अंटार्क्टिकाचे बर्फ एकट्याने वाचवू शकणार नाही. पण सफमधील आपली जागा तरी तो सोडत नाही.

घरी चर्चेसाठी

१. पेंग्विन उडू शकत नाही. ही उणीव का म्हणता येत नाही?
२. एम्पररचा समूह सतत का सरकत राहतो? आपल्या घरात किंवा मोहल्ल्यात कडेला कोण उभे आहे?
३. कोणालाही न मारता आपण एखाद्या जीवाचे घर हिरावू शकतो का? आपल्या परिसरातील एक उदाहरण शोधा.