संवादांमध्ये क्लॅरिनेट कुठे घालावा?

प्रश्न : आमच्या विनोदी लघुपटात क्लॅरिनेट-ओबोचे छोटे तुकडे घातले. पण संवाद झाकले जातात आणि वाद्ये खोटी वाटतात. काय करावे?
– एक वाचक, मांजरी (पुणे)

उत्तर : तुकडा संवादावर घालू नका, दोन वाक्यांमधल्या थांब्यात घाला. ओबो माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यातच शिरतो. बोलणे चालू असताना वाजवायचेच असेल, तर खर्जातला ‘बसून’ (bassoon हे फुंकवाद्य) बरा. संगीतकार प्रोकोफिएव्हने ‘पीटर अँड द वूल्फ’ या संगीतकथेमध्ये (१९३६) आजोबांना ‘बसून’ दिला आणि मांजराला क्लॅरिनेट, ते जरूर ऐका.

संगणकावरच्या वाद्यात एकच सॅम्पल (मुद्रित सूर) त्याच जोराने पुन्हा वाजले की खोटेपणा येतो. प्रत्येक सुराचा जोर बदला. त्याहून उत्तम म्हणजे खरा वादक बोलवा! ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित केला, तुम्हाला मात्र पुण्याच्या ब्रास बँडमधला क्लॅरिनेटवादकही पुरेल.